तापमान कोणत्या जागेचे मोजायचे? ड्रेबेलच्या पेटीपासून त्रिमितीय प्रिंटरपर्यंत

१/
त्रिमितीय प्रिंटरच्या मुखाशी नखाएवढा धातूचा एक ठोकळा असतो. त्यात दोन वस्तू शेजारी शेजारी बसवलेल्या असतात : उष्णता देणारा तापक आणि ती मोजणारा संवेदक. दोघांमध्ये जेमतेम काही मिलिमीटरांचे अंतर असते. हे अंतर किती असावे, या प्रश्नामागे सुमारे चारशे वर्षांचा इतिहास आहे. आजचा धागा त्या इतिहासाविषयी.

२/
आधी प्रश्न समजून घेऊ. गिझर लांब असला की न्हाणीघरात काय होते ते आठवा. पाणी गार लागते म्हणून आपण गरम पाण्याचा नळ आणखी सोडतो. तरीही गारच येते, म्हणून आणखी सोडतो. मग एकाएकी चटका बसतो. घाईने नळ आवळला की थोड्या वेळाने पाणी पुन्हा गार. येथे नळाचा काही दोष नाही आणि हाताचाही नाही. केलेल्या कृतीचा परिणाम आपल्यापर्यंत उशिरा पोहोचतो, एवढेच कारण आहे.

३/
परिणाम मोजायचा आणि त्यानुसार पुढची कृती बदलायची, या पद्धतीला प्रत्याभरण म्हणतात. उष्णतेच्या बाबतीत ती यंत्राकडून करवून घेण्याचा पहिला ठळक प्रयत्न आढळतो तो सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात. तो करणारा गृहस्थ होता कॉर्नेलिस ड्रेबेल (१५७२–१६३३). जन्म नेदरलंड्समधील आल्कमारचा, कारकीर्द मुख्यतः लंडनमध्ये, राजा पहिल्या जेम्सच्या आश्रयाखाली. थेम्स नदीत पाण्याखालून नाव चालवून दाखवणारा म्हणून तो प्रसिद्ध आहे. परंतु त्याची भट्टी तितकीच महत्त्वाची होती.

४/
ड्रेबेलला अंडी उबवण्यासाठी स्थिर ऊब हवी होती. त्याने पेटीच्या तळाशी विस्तव ठेवला. आतल्या पेटीभोवती पाण्याचे वेष्टण होते आणि विस्तवाचा धूर त्याच्या बाजूने वर जाऊन छिद्रातून बाहेर पडे. पाण्यात मद्यार्क आणि पारा भरलेले काचेचे पात्र बुडवलेले होते. पाणी तापले की मद्यार्क प्रसरण पावे, पारा वर चढे आणि एक दांडी ढकलून धुराच्या वाटेवरची झडप मिटवी. हवा कोंडली की विस्तव मंदावे. पाणी निवले की झडप पुन्हा उघडे.

५/
ड्रेबेलने संवेदक कुठे ठेवला, याकडे लक्ष द्या. तो विस्तवात ठेवला असता तर प्रत्येक ज्वाळेबरोबर झडप फडफडली असती. त्याने तो पाण्यात ठेवला. पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. विस्तवाचे चढउतार ते पोटात घेते. शिवाय अंड्यांना मिळणारी ऊब पाण्याकडूनच येत होती. ज्या वस्तूचे तापमान राखायचे, तिच्याच सहवासात मोजमाप करायचे, हा विवेक या पहिल्या रचनेतच दिसतो.

६/
अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये बोन्मँ याने हाच विचार पुढे नेला. त्याचाही उद्योग कोंबडीची पिल्ले उबवून विकण्याचाच. त्याने द्रवाऐवजी दोन धातू वापरले : शिशाची नळी आणि तिच्या आत लोखंडी सळई. शिसे लोखंडापेक्षा अधिक प्रसरण पावते. या फरकावर तरफ हलवून तो भट्टीत जाणारी हवा कमीजास्त करी. नळी बसवली होती बंबातल्या पाण्यात. काच फुटण्याचे भय गेले आणि तापमान ठरवण्यासाठी फिरवता येईल अशी कळ आली.

७/
या साधनाला आज प्रचलित असलेले नाव मिळाले १८३० मध्ये. स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ अँड्र्यू यूर याने दोन धातूंच्या जोडपट्टीचे एकस्व घेतले आणि ग्रीक शब्दांवरून तिला 'थर्मोस्टॅट' म्हटले. उष्णता स्थिर ठेवणारा, असा त्याचा भाव. दोन भिन्न धातूंच्या पट्ट्या एकमेकींना जोडल्या की तापल्यावर त्या वाकतात आणि त्या वाकण्याने झडप हलवता येते. इस्त्री, विजेची शेगडी अशा घरगुती उपकरणांत हे तत्त्व पुढे दीर्घकाळ नांदले.

८/
मात्र तोवर मोजणारा आणि तापवणारा एकाच जागी असत. ते वेगळे झाले, तर? अमेरिकेत विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथे वॉरन जॉन्सन हे प्राध्यापक होते. शाळेची भट्टी तळघरात, वर्ग वरच्या मजल्यांवर. रखवालदाराने वर्गावर्गात जाऊन तापमान पाहायचे आणि मग खाली जाऊन झडपा फिरवायच्या, अशी तेथली रीत होती. जॉन्सन यांनी वर्गात विद्युत संवेदक बसवला. तो तळघरात घंटा वाजवून सूचना देई. १८८३ मध्ये त्यांना त्याचे एकस्व मिळाले.

९/
येथे एक नवी शक्यता जन्माला आली आणि तिच्यासोबत नवी अडचणही. तारेमुळे संवेदक हवा तिथे नेता येऊ लागला. पण तळघरातली उष्णता वर्गापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, तो तारेने कमी होत नाही. खबर तात्काळ, परिणाम विलंबाने. संवेदक जितका तापकापासून लांब, तितका हा विलंब मोठा. पुढच्या शतकातील अभियंत्यांना याच विलंबाने छळले.

१०/
दरम्यान संवेदक लहान होत गेले. दोन धातूंच्या सांध्यातून उष्णतेमुळे वीज उत्पन्न होते, हे झेबेक यांनी १८२१ मध्ये पाहिले. त्यातून थर्मोकपल आले. चांदीच्या सल्फाइडचा विद्युतरोध तापल्यावर घटतो, असे मायकेल फॅरेडे यांनी १८३३ मध्ये नोंदवले; आजच्या थर्मिस्टरचे मूळ त्यात आहे. प्लॅटिनमच्या रोधावरून तापमान मोजण्याची कल्पना विल्यम सीमेन्स यांनी १८७१ मध्ये मांडली आणि ह्यू कॅलेंडर यांनी १८८७ मध्ये ती विश्वासार्ह केली.

११/
आता छापखान्याकडे वळू. ३ जुलै १८८६ रोजी 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'च्या छापखान्यात ऑटमार मर्गनथालर यांचे लायनोटाइप यंत्र कामाला लागले. खिळे हाताने जुळवण्याऐवजी कळा दाबायच्या. यंत्र साच्यांची ओळ लावून त्यावर वितळलेला धातू ओती आणि अक्षरांची अखंड पट्टी बाहेर पडे. धातू मुख्यत्वे शिसे. कणखरपणासाठी अँटिमनी आणि सोबत थोडे कथील. म्हणजेच या छपाईयंत्राच्या पोटात सदैव पेटती भट्टी होती.

१२/
तो धातू सुमारे २८५ अंश सेल्सिअसला राखावा लागे. थंड पडला तर अक्षरांचे चेहरे अस्पष्ट उमटत. फार तापला तर पट्टी आतून सच्छिद्र होई. सकाळचे वृत्तपत्र वेळेवर निघणे या भांड्याच्या तापमानावर अवलंबून असे. सुरुवातीला भांडी गॅसवर तापत, पुढे विजेवर. देवनागरीतील जोडाक्षरांच्या पसाऱ्यामुळे मराठी छापखान्यांत खिळे जुळवणाऱ्या हातांचे राज्य दीर्घकाळ टिकले; तरी १९३० च्या दशकात हरी गोविंद गोविल यांच्या प्रयत्नांतून देवनागरी लायनोटाइपही साकारले.

१३/
लायनोटाइपच्या भांड्याने एक महत्त्वाचा धडा दिला. धातू मोठ्या भांड्यात तापतो, पण साच्यात जातो तो निमुळत्या घशातून आणि मुखाच्या बारीक छिद्रांतून. मुख थंड साच्याला टेकते, म्हणून तेथील उष्णता सतत ओढली जाते. भांड्यातला थर्मोस्टॅट सर्व ठीक असल्याचे सांगत असताना मुखाशी धातू गोठू शकतो. म्हणून विजेच्या भांड्यांत घसा आणि मुख यांना स्वतंत्र तापक दिले गेले. मोजलेले तापमान आणि कामाच्या जागेचे तापमान, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१४/
विलंबाचे गणित मांडायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. वाफेच्या इंजिनांचे नियामक कधी स्थिर राहतात आणि कधी हेलकावे खातात, याचे विवेचन जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये केले होते. १९३६ मध्ये कॅलेंडर, डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी थेट विलंबालाच विषय केले. त्यांच्या शोधनिबंधाचे शीर्षकच 'नियंत्रण व्यवस्थेतील कालविलंब' अशा अर्थाचे होते. (हे कॅलेंडर म्हणजे प्लॅटिनमवाले ह्यू कॅलेंडर नव्हेत.)

१५/
यातील हार्ट्री आणि पोर्टर ही मँचेस्टरची जोडी मोठी गमतीची. विकलक समीकरणे सोडवणारे अवाढव्य यांत्रिक गणकयंत्र हवे होते, पण ते चालेल की नाही याची खात्री नव्हती. म्हणून त्यांनी आधी त्याचे छोटे रूप उभारले, तेही प्रामुख्याने मेकॅनो या मुलांच्या खेळण्याच्या भागांपासून! ते चालले आणि मग मँचेस्टरला पूर्ण आकाराचे यंत्र उभे राहिले.

१६/
पुढचे पाऊल १९४२ चे. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील टेलर इन्स्ट्रुमेंट कंपनीचे जॉन झीग्लर आणि नॅथॅनिएल निकोल्स यांनी नियंत्रक जुळवण्याचे सोपे नियम प्रसिद्ध केले. नियंत्रकाचा जोर वाढवत न्या. तापमान एकसारखे हेलकावे खाऊ लागेल, त्या क्षणाचा जोर आणि हेलकाव्याचा कालावधी टिपून घ्या. त्यांवरून योग्य मूल्ये काढा. कारखान्यातील साध्या तंत्रज्ञालाही हे जमण्यासारखे होते.

१७/
त्यांच्या सूत्रांत आपल्या विषयाचे मर्म दडलेले आहे. नियंत्रकाचा सुरक्षित जोर विलंबाच्या व्यस्त प्रमाणात असतो. इतर गोष्टी तशाच राहून विलंब दुप्पट झाला, तर जोर निम्मा ठेवावा लागतो. म्हणजे वाऱ्याची झुळूक आली, थंड कागद आला, तर यंत्र त्याला सावकाशच उत्तर देणार. पुढच्याच वर्षी या दोघांनी प्रक्रियेतील विलंबांवर स्वतंत्र निबंध लिहिला. नियंत्रक कितीही हुशार असो, संवेदक चुकीच्या जागी बसवला असेल तर त्या हुशारीला मर्यादा पडते.

१८/
युद्धानंतर प्रती काढण्याच्या कामात कोरडी भुकटी आली. चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधील अस्टोरिया येथे पहिली कोरडी प्रतिमा उमटवली. तिच्यावर आधारलेले 'झेरॉक्स ९१४' यंत्र १९५९ मध्ये लोकांपुढे आले. टोनरची भुकटी कागदावर पक्की करायची तर ती उष्णतेने वितळवावी लागते. आणि कागद तर जळाऊ. तापलेल्या भागात कागद अडकला की पेट घेण्याची भीती. म्हणून या यंत्रासोबत छोटे अग्निशामक दिले जाई. कंपनीने त्याचे सौम्य नामकरण केले होते 'स्कॉर्च एलिमिनेटर', म्हणजे करपणे दूर करणारा!

१९/
पुढे लेझर प्रिंटर कार्यालयाकार्यालयांत पोहोचले. त्यांत पोकळ रूळ, आत हॅलोजनचा दिवा आणि रुळाच्या पृष्ठभागाशी थर्मिस्टर, अशी रचना रूढ झाली. दिवा आत, पण कागद स्पर्श करतो बाहेरून; म्हणून मोजमाप बाहेरच्या पृष्ठभागाचे. शिवाय नियंत्रकाच्या मर्जीवर मुळीच न चालणारा तापविच्छेदक वेगळा बसवलेला असे. थर्मिस्टरने दगा दिला, तरी तो प्रवाह तोडतो. अग्निशामकाची जागा अशी आगीआधीच्या बंदोबस्ताने घेतली.

२०/
१९९० च्या दशकात सिरॅमिकचा पातळ तापक आणि त्याभोवती फिरणारी पातळ पटलनळी, ही रचना पसरली. ती क्षणात तापते, म्हणून वाट पाहावी लागत नाही. पण तिच्यातून नवा पेच निघाला. अरुंद कागद, समजा लिफाफा, मधून जातो आणि उष्णता नेतो. कडांपाशी कागदच नसतो, तेथे उष्णता साचत जाते. मधला संवेदक तापमान योग्य सांगतो आणि टोके होरपळतात. यावर उपाय म्हणून अनेक यंत्रांत कडेलाही एक संवेदक बसवला जातो. लायनोटाइपच्या मुखाचा धडा येथे नव्या रूपात समोर आला.

२१/
आता त्रिमितीय छपाई. वितळलेल्या प्लास्टिकचे थरावर थर देण्याच्या पद्धतीसाठी स्कॉट क्रम्प यांनी १९८९ मध्ये अर्ज केला आणि १९९२ मध्ये त्यांना एकस्व मिळाले. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी २००५ मध्ये रेपरॅप प्रकल्प सुरू केला : स्वतःचे बरेचसे भाग स्वतःच छापू शकेल असे यंत्र, आराखडे सर्वांना खुले. २००८ मध्ये त्यांच्या 'डार्विन' यंत्राने छापलेल्या भागांतून दुसरे यंत्र उभे राहिले.

२२/
अशा घरगुती यंत्रांत सुरुवातीला पितळी नळीवर निक्रोमची तार गुंडाळून तापक बनवत आणि काचेच्या मण्याएवढा थर्मिस्टर उष्णतारोधक चिकटपट्टीने किंवा भट्टीच्या सिमेंटने जागी धरून ठेवत. पुढे अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा आला. त्यात तापकाला एक भोक, थर्मिस्टरला दुसरे. हा थर्मिस्टर सामान्य तापमानाला सहसा १ लाख ओहम रोध दाखवतो आणि २०० अंशांना अवघा काही शे ओहम. मोजमाप सोपे, अवघड होते ते त्याला नीट बसवणे.

२३/
भोकात मणी सैल असला, तर भोवती हवेचा पातळ थर राहतो. हवा अ‍ॅल्युमिनियमच्या तुलनेत हजारो पटींनी मंद वाहक. ठोकळा तापलेला असतो, पण मण्याला ते उशिरा कळते. तोवर तापक चालूच. मग तापमान वर उसळते, खाली येते, पुन्हा उसळते, आणि छापलेल्या वस्तूच्या भिंतीवर त्याच्या लाटा दिसू शकतात. संवेदकाच्या तारांवाटेही उष्णता निसटते. तारांचा काही भाग ठोकळ्यालगत ठेवला तर ही गळती घटते. ठोकळ्यावर सिलिकॉनचे टोपडे चढवतात तेही पंख्याच्या वाऱ्यापासून बचाव म्हणून.

२४/
मग संवेदक नेमका कुठे असावा? तापकाला अगदी खेटून बसवला तर उत्तर झटपट मिळते आणि नियंत्रण स्थिर राहते. पण तो प्लास्टिकचे नव्हे, तापकाचे तापमान सांगतो. मुखाशी बसवला तर प्लास्टिकबद्दल खरे बोलतो, पण उशिरा. म्हणून ठोकळा लहान आणि उत्तम वाहक धातूचा करायचा, दोघांना त्यात घट्ट आणि जवळ बसवायचे, आणि उरलेला ठरावीक फरक हिशेबात धरायचा. ठरावीक फरक हिशेबाने भरून काढता येतो. विलंबाला तसा हिशेब पुरत नाही.

२५/
या साऱ्यात जिवाशी गाठ पडते ती एका प्रसंगी. थर्मिस्टरची तार तुटली, तर अशक्य आकडा दिसतो आणि यंत्र लगेच थांबते. पण तार शाबूत असून मणी भोकातून निसटला, तर तो खोलीचे तापमान सांगतो. आकडा पूर्णपणे विश्वसनीय दिसतो! यंत्राला वाटते ठोकळा गार आहे, आणि ते तापक पूर्ण जोराने चालू ठेवते. २६० अंशांपलीकडे आतले टेफ्लॉन विघटित होऊन विषारी वाफा सोडू लागते. त्याही पुढे आगीचा धोका.

२६/
याला उत्तर म्हणून 'मार्लिन'सारख्या मुक्त आज्ञावलींत एक साधा पहारा घातला गेला. तापक चालू आहे, तरी ठरावीक सेकंदांत संवेदकाचे तापमान वाढत नाही? मग संवेदकावर विश्वास ठेवू नका, तापक बंद करा. एकाच साक्षीदाराचे बोलणे परिस्थितीशी ताडून पाहण्याची ही रीत आहे. एखाद्या प्रिंटरमध्ये हा पहारा बंद ठेवलेला असेल, तर तो चालू करून घेणे हे पहिले काम.

२७/
आणखी एक दुवा. याच आज्ञावलीत नियंत्रक आपोआप जुळवण्याची सोय असते. प्रिंटर तापक बंद-चालू करत तापमानाला मुद्दाम हेलकावे देतो, त्यांची उंची आणि कालावधी मोजतो. ही युक्ती स्वीडनमधील ऑस्ट्रोम आणि हेगलुंड यांनी १९८४ मध्ये मांडली. मग त्या मोजमापावरून जी मूल्ये काढली जातात ती झीग्लर–निकोल्स यांच्या सूत्रांनी. टेबलावरच्या स्वस्त यंत्रात १९४२ चा कारखाना अजून काम करतो आहे.

२८/
नियंत्रणाचा इतिहास सांगताना आपण बहुधा बुद्धीचा इतिहास सांगतो : अधिक हुशार नियंत्रक, अधिक वेगवान गणकयंत्र. त्याच्या बरोबरीने जागेचाही इतिहास आहे. ड्रेबेलचे पाण्यातले पात्र, जॉन्सन यांच्या वर्गातली तार, लायनोटाइपचे मुख, लिफाफ्याच्या कडा, ठोकळ्यातले भोक. प्रत्येक वेळी प्रश्न तोच होता : ज्याच्या सांगण्यावर विस्तव वाढवायचा, तो नेमक्या कोणत्या जागेबद्दल बोलतो आहे आणि किती उशिरा? संवेदक बसवणाऱ्याने स्क्रू आवळण्यापूर्वी तो स्वतःला विचारावा.

धागा समाप्त. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत प्रिंटर हाताळणाऱ्या मित्रमैत्रिणींपर्यंत जरूर पोहोचवा.

#मराठी #इतिहास #तंत्रज्ञानाचाइतिहास